कपातीच्या रकान्यातले दोनशे रुपये

पगारपत्रकात व्यवसाय कराचा एक रकाना असतो. कारखान्यात त्याला सगळे 'पी. टी.' म्हणतात. बाकीच्या रकान्यांत माणसागणिक आकडा बदलत जातो. भविष्यनिर्वाह निधी मूळ वेतनाप्रमाणे, प्राप्तिकर मिळकतीप्रमाणे, सोसायटीचा हप्ता ज्याच्या त्याच्या कर्जाप्रमाणे. या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच आकडा उतरत येतो: २००, २००, २००. फेब्रुवारीत त्याचे ३०० होतात आणि दरवर्षी एखादा नवा मुलगा खिडकीशी येऊन विचारतो की या महिन्यात शंभर रुपये जास्त का कापले. वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे असतात, अकरा महिने दोनशेप्रमाणे बावीसशे होतात आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीत घेतात, एवढे सांगितले की त्याचे समाधान होते. हे अडीच हजार कशासाठी घेतात, असे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात पगारपत्रके तयार करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्यामुळे करांविषयीची कुरकुर माझ्या कानांना सवयीची आहे. पूर्वी ती जानेवारी-फेब्रुवारीत, गुंतवणुकीचे पुरावे मागण्याच्या दिवसांत, जोर धरायची. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली, पात्र महिलेला महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले, आणि ती कुरकुर बारमाही झाली. आम्ही राबायचे, पैसा हातात येण्याआधीच त्यातला कर कापून घ्यायचा आणि सरकारने तो फुकट वाटत सुटायचे, हा तिचा सूर. जेवणाच्या सुट्टीत तो निघाला की डबे संपेपर्यंत थांबत नाही.

या तक्रारीला पांढरपेशांची कोती वृत्ती म्हणून निकालात काढणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. पगारदाराला आपले उत्पन्न लपवता येत नाही. त्याचा आकडा त्याच्याआधी आम्ही सरकारला कळवलेला असतो. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे आणि राज्यांना त्या वाटेला जायची हौस नाही. जत तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर कर नसणे योग्यच आहे, परंतु कंटेनर भरभरून द्राक्षे परदेशी पाठवणारा मोठा बागायतदारही त्याच सवलतीत बसतो, हे ज्याच्या पगारातून दरमहा कपात होते त्याला डाचल्याशिवाय कसे राहील? शिवाय केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयातले २२ पैसे व्यक्तींच्या प्राप्तिकरातून आणि १७ पैसे कंपन्यांच्या करातून येतील, असे मांडले आहे. माणसांनी कंपन्यांपेक्षा जास्त भरावे, ही स्थिती आपोआप आलेली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर, इतर सवलती सोडण्याच्या अटीवर, ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्या वेळी फुकट वाटपाविषयी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक शब्द निघाल्याचे मला आठवत नाही.

पुढे एक गमतीची गोष्ट झाली. एप्रिल २०२५ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर उरला नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाख पडते. आमच्या कारखान्यातल्या कुरकुर करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्राप्तिकर एका फटक्यात शून्यावर आला, तरी कुरकुर तिळभरही कमी झाली नाही. तेव्हा मला वाटू लागले की खरे दुखणे कापल्या जाणाऱ्या रकमेचे नसावे, तिच्या बदल्यात हातात काय पडते याचे असावे. सरकारी शाळा असताना मुलाला खाजगी शाळेत घालावे लागते. सिव्हिल हॉस्पिटल असताना, रात्री-अपरात्री छातीत दुखू लागले की पाय खाजगी दवाखान्याकडे वळतात. त्या दवाखान्याच्या भीतीने आरोग्यविमा घ्यावा, तर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याच्या हप्त्यावर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर होता. म्हणजे सरकारी व्यवस्था पुरत नाही म्हणून माणसाने स्वतःची सोय करायची आणि त्या सोयीवर पुन्हा सरकारला पैसे मोजायचे. इतका हिशेब मनात साचलेला असला की शेजारणीच्या खात्यात जमा झालेले दीड हजार डोळ्यांत खुपतात. कारण ती दिसते. कंपनी करातली सवलत घेऊन कुणी आपल्या गल्लीत राहायला येत नाही.

पण भरणारे आम्ही आणि खाणारे ते, ही वाटणी हिशेबात टिकत नाही. आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याची पगारपावती मला पाठ आहे. कंत्राटदाराकडून त्याला १४,००० मिळतात. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १,६८० जातात, कर्मचारी विम्याचे १०५ जातात, व्यवसाय कराचे २०० जातात आणि हातात १२,०१५ येतात. त्या बारा हजारांतून तो जे आणतो, त्या प्रत्येक पुड्यावर आणि बाटलीवर त्याने कर भरलेला असतो. अंगाचा साबण, दातांची पेस्ट, डोक्याचे तेल आणि बिस्किटे यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. सोन्यावर मात्र पहिल्यापासून ३ टक्के. सराफ कट्ट्यावरच्या पाटलीला तीन आणि किराणा दुकानातल्या साबणाच्या वडीला अठरा, असा हा कर देशात आठ वर्षे चालला, आणि त्या आठ वर्षांत या पहारेकऱ्याला कुणी करदाता म्हटले नाही. त्याच्या बायकोच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार येतात. त्यातून ती शिलाई मशीनचा हप्ता भरते आणि उरले तर बचत गटात टाकते. करदाता आणि लाभार्थी असे दोघे त्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार करतात.

आता त्या दोनशे रुपयांकडे येतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर आला १९७५ साली, आणि तो एका ठरावीक कामासाठी आला. १९७२ च्या दुष्काळात खेड्यांतून माणसांचे लोंढे बाहेर पडले, ज्यांना जमले ते मुंबईच्या फुटपाथवर पोचले आणि ज्यांना जमले नाही ते दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. माझे आजोळ कवठेमहांकाळ तालुक्यातले. माझ्या मामीने त्या साली पाझर तलावाच्या भरावावर माती टाकली. चौकड्या खणायच्या, पाट्या डोक्यावरून वाहायच्या, मुकादमाने मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव घेतले की अंगठा उठवायचा, दुपारी पोरांना सुकडी मिळायची आणि घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी. मिलोचे नाव काढले की तिचे तोंड पुढेही कितीतरी वर्षे वाकडे व्हायचे. तलावाचे नाव काढले की मात्र तो आपल्याच बापजाद्यांनी बांधला असावा, अशा थाटात ती बोलायची.

दुष्काळ सरला, पण कामाची गरज सरली नाही. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, हा विचार ते दुष्काळाच्या आधीपासून मांडत होते आणि १९६५ च्या सुमाराला त्याचा पहिला प्रयोग त्यांच्याच तालुक्यात झाला होता. दुष्काळाने तो विचार राज्यभर नेला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचे, देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, बाई असो की पुरुष, कामाचा दर एकच ठेवायचा. याला पैसा कुठून आणायचा, हेही त्याच सुमारास ठरले. शहरातल्या नोकरदारावर आणि व्यावसायिकावर व्यवसाय कर, मोटारींवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, आणि या सगळ्यांतून जेवढे जमेल तेवढेच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचे. द्राक्षबागायतदार, मुंबईचा कारकून आणि पुण्याचा डॉक्टर असे तिघेही त्या निधीचे भरणारे ठरले.

न्याय्य कर कसा असावा, असे मला कुणी विचारले तर मी या मांडणीकडे बोट दाखवतो. घेणाऱ्याला इथे हक्क होता; तो कुणाच्या मेहेरबानीवर किंवा निवडणुकीच्या तारखेवर अवलंबून नव्हता. देणाऱ्याला आपण कशासाठी देतो हे ठाऊक होते आणि त्यात त्याचाही स्वार्थ होता, कारण गावात काम मिळाले तर शहरावरचा भार हलका होणार होता. आणि पात्र कोण हे ठरवायला कोणत्याही दाखल्याची गरज नव्हती. वैशाखातल्या उन्हात टिकाव चालवायला ज्याला खरी गरज नाही असा माणूस येतच नाही. १९९० नंतर फळबागा या योजनेला जोडल्या गेल्या, आणि कोकणातल्या कातळावरच्या आंबा-काजूपासून सांगोल्याच्या डाळिंबापर्यंत कितीतरी लागवड तिच्यातून उभी राहिली.

मी या योजनेला सोवळे नेसवत नाही. बोगस मस्टरांच्या कहाण्या आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक होत्या. मेलेली माणसे हजेरीवर असत आणि जिवंत माणसांची मजुरी महिनोन् महिने अडकून पडे. पोटुशी बाई दगड फोडते आहे, या दृश्यात अभिमान वाटण्याजोगे काही नाही, आणि म्हातारा, अपंग किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस तर या हक्कापासून दूरच राहतो. म्हणून रोख मदत नको, काम द्या, हा जो सोपा उपदेश जेवणाच्या टेबलावर ऐकू येतो तोही मला मान्य नाही. ज्याला काम करता येत नाही त्याला रोख रक्कमच दिली पाहिजे, आणि जी बाई घरात पहाटेपासून राबते तिच्या स्वतःच्या नावावर महिन्याला चार पैसे आले म्हणून राज्य बुडत नाही.

मात्र ज्या कराची बांधणी इतकी विचाराने झाली, त्याचे पुढे काय झाले तेही पाहायला हवे. नोकरदार वाढत गेले तसे कराचे उत्पन्न वाढत गेले. रोजगार हमीवरचा खर्च त्या वेगाने वाढला नाही, आणि गोळा झालेली सगळी रक्कम रोजगार हमी निधीपर्यंत पोचत नाही यावर महालेखापरीक्षकांना बोट ठेवावे लागले. २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, तेव्हा अकुशल मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. कर होता तसाच राहिला. एखाद्या कामासाठी स्वतंत्र कर लावणे बऱ्याच अर्थतज्ज्ञांना आवडत नाही, कारण कामाची गरज आणि कराचे उत्पन्न एकाच मापाने चालत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण महाराष्ट्रात तो उलट्या बाजूने खरा ठरला. पैसा कमी पडण्याऐवजी तो भलत्या वाटेने वळला.

या कराच्या दरातला अन्याय तर पगारपत्रकात उघड्या डोळ्यांनी दिसतो. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात व्यवसाय कराची कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि आजही तेवढीच आहे. दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला हा पूर्ण कर लागू होतो. महिलांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे, हा एक समंजस बदल. महिना अकरा हजार मिळवणारा हेल्पर वर्षाला १,३२,००० कमावतो आणि त्यातले जवळजवळ दोन टक्के या करात देतो. महिना दहा लाख घेणारा व्यवस्थापकीय संचालकही २,५००च देतो, म्हणजे शंभर रुपयांमागे दोन पैसे. प्राप्तिकर निदान चढत्या पायऱ्यांनी जातो. गरिबांच्या कामासाठी म्हणून लावलेला हा कर मात्र गरिबाकडून पुरा आणि श्रीमंताकडून नावाला घेतो. मर्यादा बदलायची तर संसदेत जावे लागेल, पण दहा हजारांची खालची पायरी वर न्यायला राज्याला कुणी अडवलेले नाही.

एकदा त्या पहारेकऱ्याला मी सांगितले की तुमचे हे दोनशे रुपये मूळचे रोजगार हमीचे. तो जत तालुक्यातला, घरी दोन एकर आणि विहिरीला पाणी नाही म्हणून इथे आलेला. जरा थांबून तो म्हणाला, "मग आमच्याकडं मागूनबी काम का मिळत न्हाई, साहेब?" पुढे त्याने सविस्तर सांगितले. गावात अर्ज तोंडी घेतात, तारखेची पोच देत नाहीत, कामे मंजूर नाहीत म्हणतात. आणि पोच नसली की पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हा प्रश्न, मग भत्ताही नाही. कायद्याने दिलेला हक्क एका चिटोऱ्यावर अडतो. आपण ज्या कामासाठी कर भरतो तेच काम न मिळाल्यामुळे हा माणूस गाव सोडून आला, आणि इथे आल्यामुळे त्याच्या पगारातून तो कर कापला जाऊ लागला.

लाडकी बहीण योजनेविषयी माझी तक्रार याच बाजूची आहे. २०२५-२६ साठी राज्याने तिच्याकरिता ३६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. राज्याचा एकूण खर्च सुमारे सात लाख कोटी धरला, तर रुपयातले पाच पैसे. एवढ्या पैशांनी बायकांच्या हाती काही पडत असेल तर मला तो खर्च खुपत नाही. खुपते ते हे की, तिच्यासाठी पैसा कोणत्या करातून येणार याचा शब्दही कुणी काढला नाही, आणि त्याच अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक होती, म्हणून त्याआधी हमीपत्रांवर अर्ज भराभर मंजूर झाले. मतदान उरकल्यावर छाननी सुरू झाली, सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्या, पुरुषही सापडले, आणि मग सगळ्याच बायकांना ई-केवायसीसाठी मोबाइलवर अंगठे झिजवावे लागले. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचा पैसा या योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. म्हणजे लाडक्या बहिणीचे पैसे शेवटी कुणी दिले? कंपन्यांनी नव्हे, सराफ कट्ट्याने नव्हे, आमच्या जेवणाच्या टेबलाने तर नव्हेच. ते दलित वस्तीतल्या आणि आदिवासी पाड्यावरच्या कामांतून आले.

याहून मला लागते ती संजय गांधी निराधार योजनेची गोष्ट. १९८० पासून चालत आलेली ही योजना विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने पिचलेले अशांसाठी आहे. तिच्यातही महिन्याला १,५०० मिळत. २०२५ मध्ये अपंगांसाठी ही रक्कम वाढली. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते, आणि निराधार विधवेसाठी मात्र वर्षानुवर्षे २१,००० रुपयांची मर्यादा लावलेली आहे. एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी एक विधवा महिना पाच हजार मिळवते. तिने खरे उत्पन्न सांगितले तर ती निराधार ठरत नाही, आणि दाखला मिळवायचा तर तिने आणि तलाठ्याने मिळून खोटे बोलायला हवे. तिने ते केले नाही. शेवटी लाडकी बहीणमध्ये नाव घातले. तिला पासष्ट पूर्ण होतील तेव्हा तिथून ते निघेल आणि पुन्हा म्हातारपणाच्या योजनेसाठी तीच एकवीस हजारांची खिडकी समोर येईल. निवडणुकीत दीड हजारांचे २,१०० करण्याचे वचन दिले होते आणि त्याची आठवण प्रत्येक अधिवेशनात सरकारला करून दिली जाते. त्याआधी ही एकवीस हजारांची अट बदलावी. त्याला नवा कर लागणार नाही आणि वचननामाही लागणार नाही. मंत्रिमंडळाची संमती आणि एक शासन निर्णय पुरेल.